होडीचं पोट कॉम्प्युटरवर : लॉफ्ट वापरून वक्र आकार उभे करताना

१ जूनला मासेमारीबंदी लागली की गोव्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. ३१ जुलैपर्यंत माडांखाली उपड्या घातलेल्या होड्यांची डागडुजी चालते. त्या दिवसांत एखाद्या होडीच्या टोकाशी उकिडवं बसून तिच्या अंगावरून लांबवर नजर टाका. चांगल्या होडीवरून उजेड न अडखळता पुढे सरकतो, कुठे थांबत नाही, कुठे वळसा घेत नाही. ही अडखळ नसलेली वक्रता कॉम्प्युटरवर आणणं हे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या लॉफ्ट या कमांडचं काम, आणि हा लेख त्याबद्दल आहे.

मी डिचोलीत राहतो आणि फायबरच्या लहान होड्यांच्या साच्यांसाठी ड्रॉइंग करतो. पहिल्या कामात मी एका जुन्या लाकडी होडीची मापं दर अर्ध्या मीटरवर टेपने घेतली, अकरा छेद काढले आणि ते सगळे लॉफ्टमध्ये घातले. जितके जास्त छेद तितका आकार अचूक, असा माझा हिशोब होता. पडद्यावर होडी सुरेख दिसली. तिच्यावरून मूळ ठोकळा, म्हणजे ज्यावरून फायबरचा साचा काढतात तो, तयार झाला, घासून चकचकीत केला आणि उन्हात आणला, तेव्हा अंगावर लाटा दिसल्या. म्हाताऱ्या मेस्तांनी (होडीच्या सुतारांनी) डोळे मिटून तळहात फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाले, "हांगा पोट आयलां." (इथे फुगवटा आलाय.) टेप धरताना प्रत्येक ठिकाणी माझी चार-पाच मिलीमीटरची चूक झाली होती आणि सॉफ्टवेअरने त्या अकराही चुकांमधून इमानाने पृष्ठभाग नेला होता. पुढचे तीन आठवडे पुट्टी भरण्यात आणि घासण्यात गेले.

त्यानंतर ती होडी मी पाच छेदांवर पुन्हा काढली. खाली दिलेली पद्धत त्या दुसऱ्या खेपेची आहे.

लॉफ्ट म्हणजे नेमकं काय

एकच आकार सरळ रेषेत ओढायचा असेल तर एक्स्ट्रूड पुरतो. घुमटासारखी गोल वस्तू असेल तर अर्धा छेद अक्षाभोवती फिरवला की झालं. आकार तोच राहून वाट वाकडी असेल, जसा पाइप, तर स्वीप. पण छेदाचा आकारच वाटेत बदलत जातो, मागे रुंद, मध्ये पोटाळ, पुढे निमुळता होत धारेला मिळतो, तिथे लॉफ्ट लागतो. तुम्ही काही ठिकाणचे छेद देता आणि मधली जागा सॉफ्टवेअर भरतं.

हा शब्द जहाजबांधणीतूनच आला. गोदीत वरच्या मजल्यावर मोठी मोकळी लाकडी जमीन असायची, तिला लॉफ्ट म्हणत. तिच्यावर जहाजाच्या रेषा खऱ्या मापात काढत. लांब लवचीक लाकडी पट्टी जमिनीवर ठेवायची, ती ठरावीक बिंदूंवर शिशाच्या वजनांनी किंवा खिळ्यांनी अडवायची आणि मध्ये ती आपसूक जशी वाकेल तशी रेघ ओढायची. त्या पट्टीचं नाव स्प्लाइन. आज आपण माउसने काढतो त्या स्प्लाइनचं नाव तिथूनच आलं आहे. पट्टीला दोन खिळ्यांच्या मध्ये मोकळीक दिली तर ती सुंदर वाकते. दर वितीवर खिळा ठोकला तर प्रत्येक खिळ्याची चूक तिच्या अंगावर उमटते. माझे अकरा छेद म्हणजे असेच अकरा खिळे होते.

आधी कागद

समजा, ५४०० मिमी लांब आणि १५०० मिमी रुंद अशी गोल पोटाची लहान होडी काढायची आहे. फक्त अर्धी काढा, दुसरी बाजू मिररने येईल. लांबीची मापं मागच्या फळीपासून पुढे मोजू, उंची एका आडव्या पायारेषेपासून आणि रुंदी मधल्या उभ्या प्रतलापासून.

आपल्याकडचे शब्द इथे फार सोयीचे पडतात: तळाचा कणा तो पठाण, पुढची धार ती नाळ आणि आतले फासळ्यांसारखे तुकडे ते वांक. आपले छेद म्हणजे वांकांच्या जागा. चार छेद ०, १३५०, २७०० आणि ४०५० वर, आणि पाचवा म्हणजे नाळ.

प्रत्येक छेद चार नियंत्रण बिंदूंच्या एकाच वक्राने काढायचा आहे: वक्र पहिल्या आणि चौथ्या बिंदूवर टेकतो, मधले दोन त्याला नुसते आपल्याकडे ओढतात. खालच्या मापांत प्रत्येक जोडीत पहिला आकडा मध्यापासूनची रुंदी आणि दुसरा उंची आहे, मिलीमीटरमध्ये.

० वर, मागची फळी: (०, ६०), (४३०, ९०), (५४०, २७०), (५६०, ६१०)
१३५० वर: (०, १५), (५२५, ५०), (६८०, २३५), (७००, ५८०)
२७०० वर: (०, ०), (५६०, ४०), (७३०, २३०), (७५०, ६१०)
४०५० वर: (०, १५), (३७०, ७०), (५४०, २९०), (६००, ७००)

नाळ मधल्या प्रतलातच असते, तिला रुंदी नाही. म्हणून तिच्या जोड्यांमध्ये पहिला आकडा लांबीचा: (४९००, ४०), (५१५०, ११०), (५३००, ४००), (५४००, ८५०).

पडद्याकडे जाण्याआधी एक तपासणी कागदावर करायची, आणि माझ्या मते ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. सारख्या अंतरावरचे आकडे ओळीने लिहा, लगतच्या आकड्यांचे फरक काढा आणि मग त्या फरकांचेही फरक काढा. वरच्या काठाची उंची बघा: ६१०, ५८०, ६१०, ७००, ८५०. फरक येतात −३०, ३०, ९०, १५०. त्यांचे फरक ६०, ६०, ६०. म्हणजे काठ एकाच लयीत वर चढतो आहे. रुंदी बघा: ५६०, ७००, ७५०, ६००, ०. फरक १४०, ५०, −१५०, −६००. दुसरे फरक −९०, −२००, −४५०. तिन्ही उणे आणि क्रमाने वाढणारे, म्हणजे कड एकाच बाजूला वाकते आहे आणि नाळेकडे अधिक वेगाने वळते आहे.

आता समजा, ७०० च्या जागी चुकून ७६० लिहिलं. फरक होतील −३०, ३०, १५०, ९० आणि दुसरे फरक ६०, १२०, −६०. शेवटच्या आकड्याचं चिन्ह उलटलं, म्हणजे तिथे कड उलट्या बाजूला वाकणार. मेस्तांच्या तळहाताला जे पोट लागलं असतं ते इथे कागदावरच सापडतं. चिन्ह बदलणं प्रत्येक वेळी चूकच असतं असं नाही, काही होड्यांचे पुढचे छेद मुद्दाम आत वळवलेले असतात. पण बदल तुम्ही ठरवून केलेला असला पाहिजे. आणि हे गणित सारख्या अंतरांवरच चालतं. पठाण ४९०० वर संपतो, म्हणून त्याच्या शेवटच्या तुकड्याला ते तसंच लावू नका.

रेल आधी, छेद नंतर

नवशिके आधी सगळे छेद काढतात आणि मग रेल, म्हणजे छेदांच्या टोकांवरून जाणाऱ्या लांब रेषा, त्यांच्या टोकांना जोडायची खटपट करतात. उलट करा. पठाण आणि वरची कड या दोन लांब रेषा आधी काढा आणि छेदांची टोकं त्यांना बांधा.

पठाणाची रेषा सोपी आहे, ती मधल्या प्रतलातच असते: (०, ६०), (१३५०, १५), (२७००, ०), (४०५०, १५), (४९००, ४०). इथे पहिला आकडा लांबीचा.

वरची कड मात्र हवेत वाकते, बाजूनेही आणि वरूनही. ती एका स्केचमध्ये बसत नाही. दोन स्केच करा: वरून दिसणारी रेषा, म्हणजे लांबी आणि रुंदी, आणि बाजूने दिसणारी रेषा, म्हणजे लांबी आणि उंची. हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं होतं. सॉलिडवर्क्समध्ये प्रोजेक्टेड कर्व्ह या दोन स्केचांमधून एक त्रिमितीय वक्र देतो. राइनोमध्ये दोन दृश्यांवरून वक्र करणारी कमांड आहे आणि फ्रीकॅडच्या कर्व्ह्ज वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे तिथला हत्यारांचा संच) मिक्स्ड कर्व्ह. फ्यूजनमध्ये दोन्ही रेषा पृष्ठभाग म्हणून एक्स्ट्रूड करा आणि ते जिथे एकमेकांना छेदतात ती रेषा उचला.

दोन बाजू लागतातच. कौंडिण्य या नौदलाच्या शिवलेल्या जहाजाचं उदाहरण बघा. ते गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते उभं केलेलं. त्या काळचे नकाशे हाती नव्हते. भिंतीवरच्या चित्रात जहाज एकाच बाजूने दिसतं, पोटाची रुंदी कुठे किती हे त्यात येत नाही. तो आकार तर्काने बांधावा लागला आणि आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून तो प्रत्यक्षात आणला. आपण एका फोटोवरून होडी काढायला बसतो तेव्हा नेमकी हीच अडचण येते, म्हणून फोटो नेहमी दोन घ्या, एक बाजूचा आणि एक समोरचा.

छेद काढताना

०, १३५०, २७०० आणि ४०५० वर उभी प्रतलं करा. प्रत्येकावर एक स्केच आणि त्यात एकच वक्र. नियंत्रण बिंदूंचा स्प्लाइन निवडा. बिंदूंमधून जाणारा स्प्लाइन निवडलात तर हेच आकडे वेगळा आकार देतील.

पहिला बिंदू पठाणाच्या रेषेवर आणि चौथा वरच्या कडेवर बांधा. नुसता जवळ नेऊन ठेवू नका. सॉलिडवर्क्समध्ये पिअर्स हे बंधन वापरा. इतर ठिकाणी रेल जिथे त्या प्रतलाला छेदते तो बिंदू स्केचमध्ये प्रोजेक्ट करून त्यावर टोक बसवा. डोळ्यांना चिकटलेलं दिसणारं टोक हजारांश मिलीमीटरने सुटलेलं असलं तरी लॉफ्ट नाकारला जातो, आणि येणारा संदेश बहुधा भलत्याच गोष्टीबद्दल असतो.

चौघांतही बिंदूंची संख्या तीच, क्रम तोच, दिशा तीच: खालून वर. लॉफ्ट पहिल्या छेदाचा पहिला बिंदू दुसऱ्याच्या पहिल्याशी जोडतो, दुसरा दुसऱ्याशी. एका छेदात चार आणि दुसऱ्यात सात बिंदू असतील तर सॉफ्टवेअर स्वतः काहीतरी जुळवतं आणि पृष्ठभागावर नको तिथे रेघा आणि सुरकुत्या येतात. काही लोक छेद कंस आणि सरळ रेषा जोडून काढतात. कोपरा असलेल्या, फळ्यांच्या होडीसाठी ते योग्यच आहे, पण मग प्रत्येक छेदात तुकडे तितकेच हवेत. मागच्या छेदात तीन तुकडे आणि पुढच्यात दोन असतील तर पुढच्या छेदाचा एक तुकडा त्याच जागी फोडून तीन करा.

नाळेचं काय करायचं

बहुतेक जण इथेच अडकतात. नाळेकडे होडी निमुळती होते म्हणून लॉफ्ट एका बिंदूत संपवावासा वाटतो. तसं केलं की सगळा पृष्ठभाग त्या एका बिंदूत गोळा होतो. होडीचं टोक भोवऱ्याच्या आरीसारखं दिसतं आणि पुढे फायबरला जाडी देताना पृष्ठभाग तिथेच फाटतो.

नाळ बिंदू नाही, रेषा आहे. म्हणून शेवटचा छेद म्हणून नाळेचाच वक्र द्या, मधल्या प्रतलात काढलेला, त्याच चार बिंदूंचा. तो इतर छेदांना समांतर नाही, आणि लॉफ्टला त्याची काही अडचण नसते. त्याचं खालचं टोक पठाणाच्या शेवटावर (४९००, ४०) आणि वरचं टोक कडेच्या शेवटावर (५४००, ८५०) येतं. अशा रीतीने चार कडांनी बांधलेला एक नीट चौकोनी पृष्ठभाग मिळतो: मागची फळी, पठाण, नाळ आणि काठ. वक्र पृष्ठभाग जितका चार कडांचा राहील तितका तो पुढच्या प्रत्येक कामात साथ देतो.

कमांड

आता लॉफ्ट. छेद मागून पुढे, क्रमानेच निवडा, आणि प्रत्येक वेळी वक्रावर साधारण त्याच जागी क्लिक करा. काही सॉफ्टवेअर तुम्ही कुठल्या टोकाजवळ क्लिक केलं त्यावरून दिशा ठरवतं. मग रेल किंवा गाइड कर्व्ह म्हणून पठाण आणि काठ द्या.

पहिला प्रयत्न रेलशिवाय करून बघा. या आकड्यांवर नुसत्या पाच छेदांनीही होडी उभी राहते. ती चांगली दिसली की मग रेल घाला. रेल घातल्यावर आकार बिघडला तर दोष रेलमध्ये आहे हे तेव्हाच कळतं. तिसरी, चौथी रेल पोटाच्या मधोमध घालायचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर तो पुन्हा दर वितीवरचा खिळा होतो.

टोकांच्या अटी आधी मोकळ्या ठेवा. मागच्या फळीशी पृष्ठभाग काटकोनात निघावा अशी अट घातली तर मागचा भाग पिंपासारखा फुगतो. टॅन्जन्सीचं वजन, म्हणजे टोकाच्या दिशेच्या अटीचा जोर, वाढवून आकार सुधारायला जाऊ नका. आकार चुकत असेल तर छेद बदला.

फ्रीकॅड वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथल्या पार्ट डिझाइनमधल्या लॉफ्टला रेल देता येत नाही आणि त्याला बंद छेद लागतात. उघड्या वक्रांसाठी पार्ट वर्कबेंचमधला लॉफ्ट घ्या, आणि रेल हवीच असेल तर कर्व्ह्ज वर्कबेंचमधला गॉर्डन पृष्ठभाग. तो आडव्या-उभ्या वक्रांच्या जाळ्यावर पृष्ठभाग ताणतो. मात्र प्रत्येक उभा वक्र प्रत्येक आडव्याला खरोखर छेदलाच पाहिजे. राइनोमध्ये लॉफ्टचे प्रकार निवडता येतात. नॉर्मल छेदांमधून जातो, लूज त्यांच्या जवळून जातो आणि अधिक मऊ आकार देतो. टेपने घेतलेल्या मापांवर मला लूज आवडतो.

बिघाड

पृष्ठभाग पिळल्यासारखा दिसला तर एखाद्या छेदाची दिशा उलटी आहे. सॉलिडवर्क्समध्ये छेदांवरचे हिरवे ठिपके ओढून जोड्या जुळवता येतात. पण तो छेद खालून वर पुन्हा काढणं जास्त भरवशाचं. पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो असा संदेश आला तर बहुधा दोन छेद फार जवळ आहेत किंवा एकाची रुंदी लिहिताना चूक झाली आहे. फरकांच्या कागदाकडे परत जा. लॉफ्ट होतच नसेल तर आधी दोनच छेद निवडा, मग एकेक वाढवत न्या. ज्याच्यापाशी अडेल तिथे रोग आहे.

तळहात फिरवायची वेळ

पृष्ठभाग झाला की झेब्रा पट्टे लावा, म्हणजे सॉफ्टवेअर पृष्ठभागावर प्रतिबिंबासारखे काळे-पांढरे पट्टे दाखवतं. पट्टे नदीच्या पाण्यावरच्या सावलीसारखे सलग वाहायला हवेत. जिथे पट्टा तुटतो तिथे कोपरा आहे, जिथे अचानक वळतो तिथे वक्रता उडी मारते. मग पृष्ठभाग आडवा कापा, दर १०० मिमी उंचीवर, आणि त्या कापांवर वक्रतेचा कंगवा (कर्व्हेचर कोम) लावा; त्याचा दात जितका लांब तितकं तिथलं वळण जास्त. कंगव्याचे दात हळूहळू वाढत आणि हळूहळू उतरत असतील तर रेषा साफ आहे. मध्येच दात दुसऱ्या बाजूला गेले तर तिथे पोट किंवा खळगा.

आणि एक गोष्ट निव्वळ नजरेने. दृश्य पर्स्पेक्टिव्हवर ठेवा, कॅमेरा होडीच्या नाळेशी अगदी खाली न्या आणि लांबीच्या दिशेने बघा. पाच मीटरचं अंतर नजरेत दाबलं जातं आणि लहानसा उंचवटाही टेंगळासारखा दिसतो. किनाऱ्यावर उकिडवं बसून बघतात ते हेच.

दोष सापडला तर एक बिंदू हलवा, पाच मिलीमीटर, आणि पुन्हा बघा. एका वेळी एकच. दोन बिंदू एकदम हलवले की कोणत्याने काय झालं ते कळत नाही.

या टप्प्यावर वजनही बघून घ्या. मिरर करून, वरून झाकून घन करा, अपेक्षित पाणरेषेवर कापा आणि खालच्या भागाचं घनफळ विचारा. समुद्राच्या पाण्याचं एक घनमीटर साधारण १०२५ किलो भरतं. त्या घनफळाइतक्या पाण्याचं वजन तुमच्या होडीच्या, इंजिनाच्या, जाळ्याच्या आणि माणसांच्या वजनाएवढं यायला हवं. नाही आलं तर होडी ठरवलेल्या रेषेवर तरंगणार नाही.

साच्यासाठी

फायबरची होडी साच्यातून सरळ वर निघाली पाहिजे. म्हणून कोणत्याही छेदात काठापेक्षा खालचा भाग रुंद असता कामा नये. वरच्या आकड्यांत तिसऱ्या बिंदूची रुंदी प्रत्येक ठिकाणी चौथ्यापेक्षा कमी ठेवली आहे, ती याचसाठी. आकडे बदललेत तर एवढं जपा. नाहीतर होडी साच्यात अडकेल आणि साचा कापावा लागेल.

जाडी देताना ती आतल्या बाजूला द्या, कारण पाणी बाहेरच्या पृष्ठभागाला लागतं. थिकन कमांड अडली तर बहुधा जाडी पृष्ठभागाच्या सगळ्यात लहान वळणाच्या त्रिज्येपेक्षा जास्त झाली आहे. हे वळण बहुतेक वेळा नाळेच्या खाली सापडतं.

मूळ ठोकळ्यासाठी प्लायचे छेद कापायचे तर आता पृष्ठभाग दर ४५० मिमीवर कापून घ्या. जुन्या होडीवर मी टेपने घेतले होते त्याहूनही हे छेद जास्त भरतील, आणि ते चालतं, कारण आता ते एकाच साफ पृष्ठभागातून निघालेले आहेत. प्लायवर वरून पट्ट्या बसणार असतील तर पृष्ठभाग आधी पट्टीच्या जाडीएवढा आत ऑफसेट करा आणि मग कापा. प्लायलाही जाडी असते. पुढच्या निमुळत्या भागात १८ मिमी प्लायची मागची कड आणि पुढची कड वेगळ्या मापाची येते. मोठ्या मापाच्या बाजूला रेष ठेवून कापा, म्हणजे उरलेलं रंध्याने उतरवता येतं. प्रत्येक तुकड्यावर मध्यरेषा, पाणरेषा आणि त्याचं अंतर कटरनेच कोरून घ्या, आणि कोणती बाजू नाळेकडे आहे तेही.